हजर असून गैरहजर

लाँड्रीच्या दारात, उजव्या हाताच्या भिंतीवर, शाळेतल्या पाटीएवढं एक यंत्र लावलंय. त्याच्यासमोर तोंड नेलं की आतून एक बाई मधाळ आवाजात बोलते, "ओळख पटली. धन्यवाद." मग लोखंडी फाटक खट्कन उघडतं आणि हजेरी लागते. ही बाई कोण, कुठली, कुणी पाहिलेली नाही. पण आमच्या बायकांना दिवसभरात कुणी 'धन्यवाद' म्हणत असेल तर ती एकटीच.

ज्या सकाळी ती गोगलगायीला म्हणाली, "ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा," त्या सकाळी रांगेतून हशा उठला.

"तोंड धुऊन ये गं!"

"नवऱ्याशी भांडून आलीस काय? मशीनला पण कळतं हो!"

गोगलगायीने एप्रनच्या टोकाने तोंड पुसलं, पुन्हा समोर धरलं. नाही. केस मागे ओढले. नाही. शेवटी मुकादमाने आतून कळ दाबून फाटक उघडलं आणि ती आत गेली. तीही हसत होती. पुढच्या पगाराला त्या दिवशीची गैरहजेरी लागलेली दिसली, तेव्हा कुणी हसलं नाही.

गोगलगाय हे तिचं नाव नव्हे, हे सांगायला नको. हे नाव तिला रोलरवर पडलं. लाँड्री आमची मोठी, इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुऊन पिळून आल्या की त्या गरम रोलरमधून काढायच्या. हे काम एकटीचं नाही. दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, झटका देऊन ताणायची आणि दोघींनी एकाच दमात रोलरच्या तोंडाशी द्यायची. एक पुढे, एक मागे झाली की चादर तिरकी जाते, चुण्या पडतात. हात रोलरपाशी राहिला तर काय होतं ते सांगत नाही. म्हणून जोड्या ठरलेल्या. वर्षानुवर्षं त्याच. नवराबायको बदलतील, रोलरची जोडी बदलत नाही.

गोगलगायीची जोडी तिच्याच धाकट्या जावेशी. दोन भावांच्या बायका, घरं एका जिन्यावर समोरासमोर. धाकटी चटपटीत, जिभेला हाड नाही. थोरली संथ. इतकी संथ की तिने "आले" म्हटल्यावर बाकीच्यांनी चहा पिऊन घ्यावा. पण चादर तिच्या हातून कधी तिरकी गेली नाही. धाकटी कुरकुर करायची, "ताईबरोबर काम म्हणजे जेवणाआधी हात धुवायला समुद्रावर जाणं." आणि दुसऱ्या कुणी ताईला बोललं की अंगावर धावून जायची.

मी आधी याच लाँड्रीत धुलाईच्या हौदांवर होते. आता बायकांच्या तक्रारी घेऊन वरच्यांशी भांडते. मला अक्का म्हणतात. गोगलगायीने माझ्याकडे कधी तक्रार आणली नव्हती. तिला काही झालं की तिचं उत्तर एकच, "बघू."

तिचं आजारपण पायापासून सुरू झालं. संध्याकाळी चपलेचे पट्टे रुतायला लागले. तिने म्हटलं, "उभ्याचं काम, बघू." मग सकाळी डोळ्यांखाली पिशव्या. बघू. मग लघवीला साबणासारखा फेस. आता लाँड्रीतल्या बाईला फेसाचं काय कौतुक? तिने तेही बघू म्हटलं. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतोय, हे तिच्या मुलीने पाहिलं आणि आईला ओढत इस्पितळात नेलं. मुलगी कॉलेजात जाते, बापासारखी कमी बोलते, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

पाठीतून सुई घालून किडनीचा कणभर तुकडा काढला, तपासला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते मला मुलीने सांगितलं: किडनी म्हणजे गाळणी. हिच्या गाळणीची भोकं मोठी झालीत. रक्तातलं जे आत राहायला हवं तेच लघवीवाटे चाललंय. यावर औषध आहे, स्टेरॉईड. रोज घ्यायचं, बरेच महिने. त्रास होईल, पण गाळणी वाचेल. आणि मीठ कमी.

औषधाने काम केलं. पायांची सूज उतरली, फेस कमी झाला. पण रोगाने सुजलेली बाई औषधाने फुगायला लागली.

आधी भूक. भूक म्हणजे काय, पाहुणा घरात शिरावा आणि उठायचं नावच काढू नये! ही बाई जेवून उठली की ओट्याशी उभं राहून कोरडा पाव खायची, बिनमिठाचा उकडलेला बटाटा खायची, आणि खाताना रडायची, कारण चव नाही आणि थांबवत नाही. मग तोंड. गाल गोल झाले, लाल झाले, डोळे आत गेले, हनुवटी गळ्यात मिसळली. ओठांवर लव आली. मानेमागे मांसाचा उंचवटा आला. मांड्यांतली ताकद गेली, जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागे. जरा कुठे आपटलं की निळं-काळं. रक्तात साखर वाढली, तिची वेगळी गोळी. पोटात आग.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे गोगलगाय पळायला लागली.

तिला बसवेना. झोप गेली. पहाटे उजाडायच्या आत ती कपाट उपसून बसलेली. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात काम करतो, भला माणूस. तो म्हणाला, "कपाट काल आवरलंस ना? आता काय भिंती धुणार?"

"धुणार. मग? तुमच्या बापाच्या आहेत भिंती?"

उभ्या आयुष्यात त्या घरात हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. नवरा चहाचा कप धरून बघतच राहिला. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या अंगात मोटर बसवलीय का गं कुणी?" त्यावर आई आधी हसली, मग रडली, मग मुलीला ओरडली, मग भिंती धुवायला घेतल्या.

रोलरवरही तेच. धाकटीने टोकं उचलायच्या आत हिने चादर ओढलेली. झटका असा की धाकटीची बोटं भाजता भाजता वाचायची.

"ताई, चादर आहे ती! रस्सीखेच नाही!"

"तूच मेली ढिली! झोपा काढतेस!"

"मी ढिली? मी? अगं आयुष्यभर तुझ्यासाठी थांबण्यात माझे केस पिकले!"

बायका पोट धरून हसायच्या. मला हसू आलं नाही, असं म्हणणार नाही. पण तिच्या हातांकडे बघितलं की हसू जायचं. हात रिकामे असतानाही चादर ओढत असावेत तसे चालायचे.

आता यंत्राकडे येऊ.

यंत्रात तिचा फोटो होता तो आजाराच्या आधीचा. निमुळतं तोंड, वर आलेली गालफडं. आताचं तोंड भरल्या घागरीसारखं. यंत्राने नाही ओळखलं, त्यात यंत्राचा काय दोष? बिचाऱ्याला जेवढं शिकवलं तेवढं ते बोलतं. डोकं फिरलं ते माणसांचं बघून. मी मुकादमाला गाठलं. मुकादम तसा वाईट नाही, पण कणा म्हणाल तर ओल्या टॉवेलचा.

"ही कोण आहे?" मी गोगलगायीला त्याच्यासमोर उभी करून विचारलं.

"अहो अक्का, असं काय विचारता? मी ओळखत नाही काय यांना?"

"मग लावा हजेरी."

"मी ओळखून काय होतंय? मशीनने ओळखायला पाहिजे. वरून तसं आलंय."

"मग नवा फोटो काढा."

"वर्षातून एकदाच निघतो. मागे एकीच्या जागी तिची बहीण येऊन काम करत होती, तेव्हापासून. एक माणूस, एक चेहरा."

"उद्या बायकोने तुम्हाला ओळखलं आणि दाराच्या कडीने नाही ओळखलं, तर जिन्यात झोपणार का?"

तो ओशाळला. ओशाळलेला माणूस विनोद करायला जातो आणि घात करतो. गोगलगायीकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही जुनं तोंड घेऊन या ना. लगेच लागेल हजेरी!"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझ्या शिव्या त्याच्या कानात गेल्या नि त्याचं वाक्य तिच्या कानात गेलं. आणि तिच्या कानात गेलेलं बाहेर येत नाही.

आणि प्रश्न नुसत्या पगाराचा नव्हता. लाँड्रीकडून उपचाराचं कार्ड मिळतं, त्यावर इस्पितळ नि गोळ्या चालतात. पण ते सलग हजेरीवर. हजेरी तुटत गेली की कार्ड बंद. म्हणजे बघा काय बनवलंय या हुशार लोकांनी: गोळी घेतली की तोंड फुगतं, तोंड फुगलं की गैरहजेरी, गैरहजेरी वाढली की कार्ड जातं, आणि कार्ड गेलं की गोळी जाते. गोळी गेली की किडनी. बाई रोज चादरींचा डोंगर उपसतेय आणि वर कुठेतरी तिची नोंद, ही येतच नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ते असं.

मी वर अर्ज दिला. वरून उत्तर आलं, विचाराधीन आहे. माझ्या अनुभवात विचाराधीन म्हणजे टेबलावरच्या चहाच्या कपाखाली.

त्यानंतर काही दिवसांनी धाकटी माझ्याकडे आली ती खुशीत. "अक्का, ताई शांत झाली बघ. काल दिवसभर एक शब्द बोलली नाही. चादर पण हळू. आली आमची गोगलगाय परत!"

सगळ्याच बायकांना बरं वाटलं. मुकादमालाही. नवऱ्याने मुलीला म्हणे सांगितलं, औषध आता मानवलं तुझ्या आईला. मी स्वतः लांबून बघितलं, ती चहाच्या वेळेला बाकावर बसली होती. बसली होती! मीही म्हटलं, चला, सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी भरात होती. वाफेने खिडक्यांच्या काचा पांढऱ्या झालेल्या. धाकटीने सांगितलेलं तसंच सांगते. तिने टोकं उचलली, झटका दिला, पण समोरून ताण आला नाही. चादर मध्येच पोटासारखी लोंबली. तिने ओरडून म्हटलं, "ताई, ओढ की!" ताई चादरीकडे बघत होती, पण बघत नव्हती. तिचं टोक रोलरने घेतलं आणि टोकामागे तिचा हात निघाला, सावकाश, जसा काही चादरीचाच भाग. धाकटीने रोलर थांबवायची डोक्यावरची लाल दोरी अशी खेचली की ती तुटून हातात आली. रोलर थांबला, हात वाचला. ताई खाली बसली, मग आडवी झाली. अंग गार, घामाने ओलं, ओठ पांढरे.

श्वास मोकळा व्हावा म्हणून धाकटी तिचा एप्रन सोडायला लागली. आमच्याकडे एक सवय अशी हाडात मुरलेली आहे की मेल्यावरही जाणार नाही: कुठलंही कापड हातात आलं की आधी खिसे उलटे करायचे. पेनं, नाणी, पिना, काय काय निघतं, एखादं पेन राहिलं तर सगळी धुलाई निळी. धाकटीने त्या घाईतही एप्रनचा खिसा उलटा केला. खिशातून गोळ्या पडल्या. पांढऱ्या, काही घामाने विरघळून एकमेकींना चिकटलेल्या, एक पिठूळ गोळा झालेला.

मुलगी रोज स्वतःच्या हाताने आईला गोळ्या द्यायची, सकाळी आणि संध्याकाळी. आई तोंडात टाकल्यासारखं करून मुठीत ठेवायची आणि मूठ घरी खुंटीवर टांगलेल्या एप्रनच्या खिशात. फेकून द्यायला जीव होत नव्हता. कार्डावर मिळालेलं औषध, फेकायचं कसं?

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, सुया दिल्या, तपासण्यांना रक्त पाठवलं. त्या दमलेल्या दिसत होत्या आणि चिडलेल्याही. पेशंट शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "ही गोळी एकदम सोडायची नाही, सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतं."

"मग?"

गोगलगाय छताकडे बघत म्हणाली, "जुनं तोंड हवं होतं. मशीनला."

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मी सांगितलं. त्या स्टूल ओढून बसल्या. "नीट ऐका. शरीर असलं औषध स्वतःही थोडं बनवतं. बाहेरून मिळायला लागलं की ते स्वतःचं काम बंद करतं, आळशी माणसासारखं. तुम्ही गोळी एकदम थांबवलीत. बाहेरचं बंद, आतलं आधीच बंद. मग अंगात राहिलं काय? परवापासून शांत झाला होतात ना? ती शांती नव्हती. रक्तदाब घसरत होता."

धाकटी दाराशी उभी होती. तिने तोंडावर हात घेतला. शांत झाली म्हणून तीच सगळ्यांना सांगत फिरली होती.

"आणि तोंड?" गोगलगायीने विचारलं.

"तोंड इतक्यात उतरत नाही. मी गोळी हळूहळू कमी करेन, तसं महिन्या-महिन्याने उतरेल. पण मी कमी करेन. तुम्ही नाही."

"झोप येत नाही हो. बसवत नाही. नवऱ्याला नको ते बोलते. आपण आपले राहिलोच नाही असं वाटतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही किडनीच्या डॉक्टर. तुम्हाला झोपेचं काय सांगायचं?"

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले, उघडले. "मलाच सांगायचं. त्रास माझ्या गोळीने होतोय, तर मलाच. संध्याकाळी पण घेता का?"

"सकाळी सगळ्या घेतल्या की पोटात जळतं. म्हणून अर्ध्या संध्याकाळी."

"म्हणून रात्रभर मोटर चालू. सगळ्या सकाळीच घ्या, खाऊन झाल्यावर. जळण्यासाठी वेगळी देते. बेचैनी पूर्ण जाणार नाही, खोटं सांगत नाही. पण कमी होईल. आणि सहन होईनासं झालं की इथे यायचं, खिशात ठेवायचं नाही."

लघवीला फेस पुन्हा आला होता. म्हणजे जे महिने सोसले त्यातले काही वाया. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली की या बाईच्या चेहऱ्यात औषधाने बदल झाला आहे आणि पुढेही होत राहील. मी ती चिठ्ठी मुकादमाला दिली, मुकादमाने वर पाठवली. विचाराधीन.

ती कामावर यायची होती त्या दिवशीसाठी मी एक डाव आखला. सगळ्या बायकांना म्हटलं, यंत्रापुढे गाल फुगवून उभ्या राहा. एकीचंही तोंड पटणार नाही, फाटकावर गर्दी होईल, गाड्या खोळंबतील, मग बघू वरचे कसे खाली येत नाहीत ते. बायका एका पायावर तयार. लग्नाच्या फोटोला जेवढ्या नटल्या नसतील तेवढ्या तयारीने गाल फुगवून आल्या.

पहिली उभी राहिली. गाल असे की फुटतील. यंत्र म्हणालं, "ओळख पटली. धन्यवाद."

दुसरी. "ओळख पटली. धन्यवाद."

धाकटीने गाल फुगवले, डोळे तिरळे केले, वर जीभ बाहेर काढली. "ओळख पटली. धन्यवाद."

"अक्का," ती वळून म्हणाली, "सख्ख्या आईने पण ओळखलं नसतं गं! हे मेलं माझ्यावर जीव टाकतंय!"

रांग हसून हसून कोलमडली. माझा संताप संताप झाला, यंत्रावर, बायकांवर, माझ्या अकलेवर. सगळ्यात शेवटी गोगलगाय आली. सरळ उभी राहिली, साधं तोंड, जसं होतं तसं.

"ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा."

हसू जागच्या जागी विरलं. मुकादमाने नेहमीप्रमाणे कळ दाबली. "या बाई, या आत. काम सुरू करा. हजेरीचं बघू नंतर."

'बघू' हा शब्द आजवर तिचा होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिला कसा लागला कोण जाणे. ती आत गेली, एप्रन बांधला, रोलरपाशी गेली. धाकटीने चादरीची आपली दोन टोकं उचलली. गोगलगायीने हात मागे बांधले आणि चालायला लागली. रोलरला एक वळसा. दुसरा. सकाळच्या गोळ्या अंगात भिनलेल्या, पाय थांबायला तयार नव्हते. तिने त्यांना थांबवलंही नाही.

मुकादम आला. "बाई, काय चाललंय? हात लावा की."

"कुणी?" चालता चालताच तिने विचारलं.

"तुम्ही!"

"मी आलेच नाही आज."

"मग ही कोण फिरतेय?"

"ते मशीनला विचारा. त्याला ठाऊक असतं कोण आलं नि कोण नाही."

"अहो, मी बघतोय ना तुम्हाला!"

"तुम्ही बघून काय होतंय?" ती त्याच्या अंगावरून वळसा घेत म्हणाली. "मशीनने बघायला पाहिजे. वरून तसं आलंय."

गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते काही उगाच नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझी कुणाला गरज नव्हती आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मुकादमाने दुसरी बाई शोधायला सुरुवात केली. ज्या बाईकडे जाई ती म्हणे, "माझी जोडी आहे." घडी घालणारीला विचारलं, ती म्हणाली, "मला रोलरची भीती वाटते हो, परवाच एक बाई पडली म्हणे इथे." बाहेर गाडी उभी होती, इस्पितळाचीच, चादरी न्यायला आलेली. गाडीवाला भोंगा वाजवत होता. ओल्या चादरींचा ढीग गुडघ्याला लागला, मग कमरेला. धाकटी टोकं धरून तशीच उभी, हात भरून आलेले.

"मुकादम," ती ओरडली, "माझ्या हातात अर्धी चादर आहे! उरलेली अर्धी गैरहजर आहे! कळवा वर!"

मुकादमाने खरंच वर फोन लावला. आम्हाला ऐकू येत होतं. "साहेब, रोलर बंद आहे... नाही, बाई आलीय... नाही, हजेरीत नाही, पण आलीय... हो, समोर आहे... नाही साहेब, ती म्हणते ती आली नाही..." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. फोन ठेवला तेव्हा कान लाल होते. पलीकडून बहुधा त्याचीच हजेरी घेतली गेली असावी.

गोगलगाय फिरतच होती. मांड्या थरथरत होत्या, मला दिसत होतं. घाम गळत होता. आता ही पुन्हा पडते की काय, या भीतीने मी दोनदा पुढे झाले. तिने मानेनेच मला मागे सारलं.

शेवटी मुकादम कपाटाकडे गेला. यंत्र यायच्या आधीचं जुनं हजेरीपुस्तक चहाच्या डब्याखाली टेकू म्हणून ठेवलेलं होतं. ते ओढून काढलं, झटकलं, एक कोरं पान उघडलं, तिचं नाव लिहिलं, पुढे 'हजर' लिहिलं, सही केली. मग पान तिच्यापुढे धरलं. ती चालत होती म्हणून तोही बाजूने चालत होता.

"झालं समाधान?"

तिने वाचलं. "रोज."

"रोज काय?"

"रोज असंच लिहायचं. तोंड अजून बदलायचंय माझं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्या-महिन्याला. तुम्ही नवा फोटो काढाल, तोवर मी जुनी झालेली असेन."

"आणि वरचे काय म्हणतील?"

"बघू," ती म्हणाली.

वरचं उत्तर अजून आलेलं नाही. पुस्तकातली सही कार्डासाठी धरायची की नाही यावर माझं रोजचं भांडण चालू आहे, आणि मी ते सोडणार नाही. कार्ड आजच्या तारखेला चालू आहे, उद्याचं उद्या. तिच्या गोळ्याही चालू आहेत. फेस कधी कमी, कधी जास्त. सकाळी यंत्र तिला ओळखत नाही आणि ती त्याच्यापुढे थांबतही नाही, सरळ मुकादमाच्या टेबलाशी जाऊन बोटांनी फळी वाजवत उभी राहते, त्याने पेन उचलेपर्यंत. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी काय झालं ते पुरं करते.

सही झाल्यावर तिने हात पुढे केले आणि आपली दोन टोकं उचलली. धाकटी समोर. पहिलाच झटका असा बसला की धाकटी अर्धं पाऊल पुढे ओढली गेली.

"ताई, हळू गं!"

"होत नाही हळू." तिचा आवाज रडवेला झाला. "खरंच नाही होत. गोळी घेतलीय मी."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. त्या गोल, लाल, घामेजल्या तोंडाकडे. मग पाय फाकवून, नीट रोवून उभी राहिली, टोकं मुठीत घट्ट गुंडाळली.

"घेतलीस ना? मग ओढ. मी धरते जोर."

आणि दोघींनी असा झटका दिला की चादर हवेत फट्कन वाजली आणि सरळ, एकही चुणी न पडता, रोलरमध्ये गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. घडी घालणाऱ्या ओरडायला लागल्या, "अगं ए, दम खा! आम्हाला हात दोनच आहेत!"